वारुळानं नाकारलेलं कापड

गुरुवारी सकाळी अख्खं गाव वारुळाभोवती जमलं होतं. आंबागडच्या किल्ल्याखालचं आमचं गाव. ग्रामसभेला इथे कोरम भरत नाही, पण त्या दिवशी धान कापायला आलेले मजूरसुद्धा विळे कमरेला खोचून उभे होते. वारूळ माणसाच्या उंचीचं होतं. त्याच्या पायथ्याशी सोमवारी कापडाचे तुकडे ठेवले होते आणि त्यातला एक सोडून बाकी सगळे ओल्या, तांबूस मातीखाली गेले होते. सेवकराम महाराजांनी काडीनं मातीचा पापुद्रा उचलला. खाली कापडाची नुसती चाळण उरली होती.

"मैयाने खा लिया!" महाराज ओरडले. "सच का कपडा मैया खाती है, पाप का कपडा मैया थूकती है! हम नहीं बोलते, मैया बोलती है!"

वारुळातली मैया बोलते म्हणणारे महाराज स्वतःच इतके बोलत होते की मैयाला मध्ये तोंड उघडायला जागा नव्हती. लोकांनी मात्र हात जोडले. जो तुकडा मातीत गेला नव्हता, तो गुलाबी होता, चकचकीत फुलांचा, जसा ठेवला तसा कोरा. तो रंभाबाईच्या साडीचा होता.

हा सगळा थाट माझ्या पोरीसाठी चालला होता. मी गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. रीना माझ्याच शाळेत तिसरीत होती. दिवाळीच्या आधी तिला ताप आला, दोन दिवसांत मेंदूत चढला, आणि तुमसरच्या दवाखान्यात ती गेली. मलेरिया, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला काही वाटत नव्हतं. भूक नव्हती, राग नव्हता, रडूही येत नव्हतं. लोक भेटायला यायचे, बोलायचे, आणि मी त्यांच्या चपलांकडे बघत बसायचो.

महाराज कुठून आले, मला ठाऊक नाही. पोलीस पाटील मधुकररावांच्या ओसरीवर ते उतरले आणि म्हणाले, पोरगी रोगानं गेली नाही, खाल्ली गेली. "मास्तर के घर में देव्हारा नहीं, इसलिए पोरगी उघडी पडली." आम्ही बौद्ध, आमच्या घरी देव्हारा नाही हे खरं. पण ते मलेरियाच्या डासाला कसं कळलं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग चेटकीण शोधायची ठरली. चेटकीण म्हणजे म्हातारी विधवा, हे कोणाला सांगावं लागत नाही. सोमवारी गावातल्या अशा बायांना उभं करून महाराजांनी प्रत्येकीचा पदर थोडा थोडा घेतला. बाकीच्यांचे चर्रकन हातानं फाडले. रंभाबाईचा फाटेना. तेव्हा त्यांनी झोळीतून ब्लेड काढलं, तुकडा कापला आणि तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग सगळे तुकडे वारुळापाशी ठेवून त्यांवर पाणी शिंपडलं.

"मास्तर, मी तुमच्या पोरीले पेज पाजत होती जी," गुरुवारी त्या कोऱ्या तुकड्याकडे बघत रंभाबाई म्हणाली. ती आमची शेजारीण. "मी कायले खाईन तिले?"

"पेजेतूनच देल्लं असन!" मागून कोणीतरी म्हणालं.

"दात पाडा तिचे, मंग मंत्र चालत नाही!"

मधुकररावांनी हात वर केला. "मारझोड नाही पाहिजे. आजच्या आज गाव सोडून जाय तू, रंभा."

ती कुठे जाणार होती? तिची मुलगी नागपूरला दुसऱ्याच्या घरी भांडी घासते. ही गुलाबी साडी तिनंच पाठवली होती. पोरं दगड उचलायला लागली होती. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं, की बाकीच्या सगळ्या बाया सुती लुगड्यात आहेत. मला काही शौर्य चढलं नव्हतं. वर्गात चुकीचं गणित दिसलं की हात खडूकडे जातो, तसं झालं.

"आणखी एक डाव पाहू," मी म्हणालो. "पोरगी माही गेली. मले खात्री पाहिजे."

"मैया का इम्तिहान लेते हो?" महाराज कडाडले.

"मैया खरी असन तर दुसऱ्यांदाही खरंच बोलन."

बापाचा शब्द, त्यामुळे मधुकररावांना नाही म्हणता येईना. रविवारपर्यंत मुदत मिळाली.

घरी आलो. रीनाच्या गणवेशाचा निळा स्कर्ट खुंटीवर होता. मी तो काढला तशी रत्नमाला, माझी बायको, उठून उभी राहिली.

"त्याले हात नोका लावू."

"त्याचा तुकडा ठेवा लागते वारुळापाशी."

"काहून? सापडली ना ते बाई? मले कोणीतरी पाहिजे जी! इतकी मोठी पोरगी अशीच कशी जाईन?"

"रंभाबाईनं नसन केलं, अन् तिचे दात पाडले, तर?"

तिनं कोनाड्यातली कात्री काढली. मग माझ्या हातातून स्कर्ट घेतला आणि स्वतः कात्रीनं खालची पट्टी कापली. मी बघत होतो. त्याही वेळी मला काही वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

रंभाबाईच्या ट्रंकेतलं एक जुनं सुती लुगडं मागून घेतलं. त्याचा तुकडा आणि रीनाची पट्टी शेजारी शेजारी ठेवली, तसंच पाणी शिंपडलं. पोलीस पाटलांचा माणूस राखणीला बसला.

रविवारी पुन्हा गाव लोटलं. रंभाबाईचं लुगडं मातीखाली गेलं होतं. रीनाची निळी पट्टी कोरी होती.

मी ती पट्टी उचलून महाराजांसमोर धरली.

"आता सांगा महाराज," मी विचारलं. "रंभाबाई सच्ची झाली. अन् माही पोरगी? चेटकीण होती का ते?"

महाराजांनी ओठांवरून जीभ फिरवली. "बच्ची पर... बच्ची पर छाया थी, उसका भी कपडा..."

"पुन्हा बोल," रत्नमाला म्हणाली आणि पुढे झाली. "माह्या पोरीले पापी म्हणतं? पुन्हा बोल!"

महाराज दोन पावलं मागे सरले. आठवडाभरात पहिल्यांदाच गप्प बसले.

मी काडी पेटवली. लुगड्याचा धागा जळाला, कागदासारखा वास आला, राख झाली. निळ्या पट्टीचा धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. गुलाबी साडीचंही तसंच. एक कापसाचं, दुसरं कारखान्यातल्या प्लास्टिकचं. फाडताना महाराजांच्या हाताला हा फरक कळला होता, म्हणून तर ब्लेड निघालं. सगळ्यांसमोर मी हे त्यांना विचारलं, तेव्हा ते झोळी आवरत होते.

मग कुदळीनं वारुळाचा एक कोपरा उकरला. मोठ्या डोक्याची शिपाई वाळवी जबडे उघडून धावली, माझ्या बोटाला चावली, रक्त आलं. आत उबदार, दमट वास होता. एक करडा, छिद्राछिद्रांचा गोळा निघाला, त्यावर पांढरे ठिपके.

"आखाडात वारुळावर सात्यांच्या छत्र्या उगवतात, तुम्ही भाजी करून खाता, त्या याच्यातून येतात," मी दाखवलं. "हे वाळवीचं बुरशीचं वावर. लाकूड, पाला, कापूस चावून आणायचा आणि त्याचं खत या बुरशीला घालायचं. बुरशी ते मऊ करते, मग वाळवी खाते. प्लास्टिकचं तिला काही करता येत नाही, म्हणून ते सोडून देते."

"मंग मातीनं काहून झाकते?" मधुकररावांनी विचारलं.

"अंग मऊ असते तिचं. ऊन लागलं, वारा लागला तर सुकून मरते. मुंग्याही टपून असतात. म्हणून ओल्या मातीचं छत करते अन् खाली बसून खाते. पाणी शिंपडलं की तिचं काम आणखी सोपं. आत मैया नाही जी. एक राणी आहे, अंगठ्याएवढी, जाग्यावरून हलता येत नाही तिले. अंडी घालते फक्त. ते कोणाच्या पापाचा न्याय कुठून करन?"

कोणीतरी हसलं. महाराज तोवर सडकेला लागले होते. पण मधुकरराव हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "मंग मास्तर, पोरगी कोणं खाल्ली?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. रत्नमालाही. तिला कोणीतरी हवं होतं, आणि माझ्याकडे द्यायला कोणी नव्हतं.

"डासानं," मी म्हणालो. "गावात आता कोणाले ताप हाये का?"

मागच्या बायांत कुजबुज झाली. मग एक हात वर झाला, मग दुसरा. शेवटी मधुकररावांनी मान खाली घातली. त्यांचा नातू परवापासून थंडीनं कुडकुडत होता. दंडाला महाराजांनी मंतरलेलं लिंबू बांधून त्याला घरात निजवलं होतं.

त्याच सकाळी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तुमसरला नेलं. रीनाला झाला तोच मलेरिया निघाला. त्याला गोळ्या वेळेत मिळाल्या आणि तो वाचला. रंभाबाई तिच्याच घरात राहते. तिला दगड मारायला निघालेल्यांपैकी कोणी अजून तिची माफी मागितलेली नाही.

मला रडू आलं ते त्या पोराला शाळेत परत आलेला पाहून, हजेरी घेताना. वर्गातली पोरं घाबरली.

म्हणून सांगतो. माणूस गेलं की कोणाला तरी धरावंसं वाटतं, ते मला कळतं, माझ्या घरातच कळलं. पण धरण्याआधी विचारा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, पुन्हा करून दाखव, कापड बदलून दाखव. आणि पोराला ताप आला तर त्याचं रक्त तपासून घ्या. काचेवर रक्ताचा एक थेंब घ्यायला लिंबू बांधण्याइतकाही वेळ लागत नाही.