गारेता घरचा माणूस

अँडोरातल्या त्या परगण्याने आपल्या नामवंतांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा एलोई गारेताच्या वाट्याला स्वतःच्याच घराचं पान आलं. मजकूर उद्या छापखान्यात जायचा होता. दुपारी असुम्प्ता आत्या त्याला आणि त्याच्या वडिलांना सूप वाढत असताना त्याने तो मोठ्याने वाचला : "बार्तोमेउ गारेता. १९४३च्या हिवाळ्यात जर्मनांच्या तावडीतून निसटलेल्या अकरा जणांना बर्फातून खिंड ओलांडून सुखरूप अँडोरात आणलं."

असुम्प्ताच्या हातातली पळी पातेल्यात पडली. "हे सिल्वेस्त्रेने केलं. तुझ्या धाकट्या काकाने."

"आत्या, त्या अकरांपैकी एकाचं बेल्जियमहून आलेलं पत्र तूच वाच. 'गारेता घरचा माणूस' असं लिहिलंय. घरचा माणूस म्हणजे घराचा वारस. गावात कुणालाही विचार!"

गावानेही हेच सांगितलं असतं. घर, कुरणं, नाव, सगळं थोरल्याचं. धाकट्याने फ्रान्समध्ये मजुरी शोधावी, नाहीतर भावाची मेंढरं राखावीत. सिल्वेस्त्रे मेंढरं राखायचा, म्हणून तर ती खिंड त्याला तोंडपाठ होती. तिथेच कुठेतरी बर्फाने त्याला गिळलं, असं असुम्प्ता पन्नास वर्षं धरून चालली होती. त्याचा एक फोटोसुद्धा मागे राहिला नव्हता. निदान नाव तरी राहावं, एवढंच तिला हवं होतं.

ती भावाकडे वळली. "दादा, खिंड उतरताना तळं कुठल्या हाताला लागतं?"

ब्याऐंशी वर्षांच्या बार्तोमेउने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि तो फुगून तुटेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"मला काय ठाऊक? मी कधी गेलोच नाही."

"बाबा! मग परगण्याच्या लोकांसमोर मान कसली डोलावत होतात?"

"ते म्हणाले, गारेतांनी केलं. मी गारेताच आहे की."

एलोईने कपाळावर हात मारला आणि पेन काढलं. "ठीक आहे, काकाचं नाव घालतो. मृत्यू कुठे लिहू? खिंडीत?"

"खिंडीत नाही," बार्तोमेउ म्हणाला. "त्या लोकांना पोचवून सकाळी तो घरी आला होता. पाय काळेनिळे पडलेले. सीमेपलीकडून आलेली जर्मनांची माणसं चौकात चौकशी करत होती. वडील म्हणाले, हा सापडला तर घर जाईल. मला दाराशी पाठवलं. मी त्याला सांगितलं, आत येऊ नकोस."

"आणि तो?" असुम्प्ताने विचारलं.

"'बरं दादा' म्हणाला. काठी मागितली. मी दिली. वरच्या वाटेला लागला. वसंतात वडील एकटेच फावडं घेऊन वर जाऊन आले."

"मी कुठे होते?"

"गोठ्यात. दूध काढत होतीस."

गोठा दारापासून वीस पावलांवर होता. सूपवर साय धरू लागली.

"आत्या, हे कसं छापायचं गं?" एलोई हळूच म्हणाला. "राहू दे ना. नुसतं घराचं नाव टाकू. म्हणजे त्यात दोघंही आले."

"घरात त्याला कधी येऊ दिलं रे?"

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं, बार्तोमेउचं नाव खोडलं, वर सिल्वेस्त्रेचं लिहिलं. मृत्यूच्या रकान्यात लिहिलं : गारेता घराच्या दारातून परत पाठवल्यावर. मग कागद भावापुढे सरकवला.

"खाली वारसाची सही लागते, दादा."

बार्तोमेउने हात पुसले. चष्मा मागितला. कुणीच उठलं नाही. तेव्हा त्याने चाचपडत कागदाची कड शोधली आणि अंदाजानेच सही केली.