आईची अर्धी ओळ आणि मी

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो. पण काज-बटणाची नव्हे, तेव्हा लगेच दोरा शोधायला पळू नका. मी रेकॉर्ड प्लेअरची सुई. रेकॉर्ड म्हणजे ताटाएवढी काळी, चकचकीत तबकडी. तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत गाणी असतात. तबकडी गरगर फिरते, एका बारीक दांड्याच्या टोकाशी बसून मी त्या खाचांतून चालत जाते आणि गाणं खोलीभर ऐकू येतं. लोक गाणाऱ्याला वाहवा देतात, यंत्राचं कौतुक करतात, कव्हरवरचा फोटो न्याहाळतात. तांदळाच्या कणीहून लहान असलेल्या मला कोण विचारतो? पण माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं, एवढं मात्र खरं.

कारखान्यात माझं टोक घासून घासून गुळगुळीत केलं, तपासणाऱ्या बाईंनी मला भिंगाखाली धरलं आणि मान डोलावली. मग मला एका इवल्याशा डबीत ठेवलं. डबीत एक चिठ्ठी होती. ठरावीक तास वाजल्यावर ही सुई बदलावी, असं तिच्यात लिहिलं होतं. ती चिठ्ठी कधीच कोणी वाचली नाही.

मी ज्या घरी आले ते एका सुताराचं घर. खाली कारखाना, वर दोन खोल्या. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. रेकॉर्ड प्लेअरची शिसवी पेटी त्यानं स्वतः बनवली होती, सांधा कुठे आहे ते शोधून सापडणार नाही अशी. पण मला बसवलं ते त्याच्या बायकोनं. मिस्त्रीची बोटं जाड, त्याच्या हातून मी दोनदा निसटले. तेव्हा ती हसत म्हणाली, “अहो, सरका बाजूला. दार बसवत नाहीये आपण.” आणि तिनं मला अलगद जागेवर बसवलं. बाजूला त्यांची सहा वर्षांची मुलगी, बबडी, श्वास रोखून बघत होती.

त्या घरात अकरा रेकॉर्डी होत्या. एक बासरीची, पॉलिश वाळेपर्यंत मिस्त्रीला हातावर हात धरून बसावं लागे, तेव्हा तो ती लावी. एक लहान मुलांच्या गाण्यांची. तिच्या तालावर बबडी अशा उड्या मारी की जमीन हादरे आणि मी एका गाण्यातून दुसऱ्यात जाऊन पडे. एक मावशीनं भेट दिलेली होती. ती कोणालाच आवडत नसे, पण मावशीची पावलं जिन्यावर वाजली की घाईघाईनं तीच लागे. मावशी खूश, घर खूश.

आणि एक सगळ्यांची लाडकी होती. एका गायिकेच्या आठ गाण्यांची ती रेकॉर्ड बाजारात फारशी खपली नव्हती, तिच्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या आणि पुढे त्या शोधूनही मिळेनात. पण गायिकेच्या मागे कोरसमध्ये चार मुली गायल्या होत्या आणि त्यांतली एक होती बबडीची आई. लग्नाआधीची गोष्ट. कव्हरवर तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘आणि साथीदार’ एवढंच छापलं होतं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एका जागी बाकीच्या तिघी सुरुवात करायला चुकल्या आणि अर्धी ओळ हिनं एकटीनं गायली. रेकॉर्डिंग करणारे म्हणाले, राहू दे, बरं वाटतंय. तेवढी पाच शब्दांची अर्धी ओळ तिची स्वतःची.

गाणं त्या जागेजवळ आलं की आई हातातलं उलथनं उगारून स्वयंपाकघरातून ओरडे, “बंद करा ते! माझा आवाज कसा फाटका येतोय.” पण मिस्त्री बंद करत नसे आणि तिलाही ते नकोच असे. तेवढे पाच शब्द होईस्तोवर ती दारात उभी राही. मला सांगायला आनंद वाटतो, मित्रांनो, तो आवाज मुळीच फाटका नव्हता. थोडा घाबरलेला होता आणि फार गोड होता.

पुढच्याच वर्षी आई आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. त्या घरात फोटो होते, तिच्या हातचे विणलेले दोन स्वेटर होते. पण तिचा आवाज फक्त त्या एका खाचेत उरला होता.

बबडीला शाळेसाठी मावशीकडे ठेवलं. मिस्त्री एकटा राहिला. संध्याकाळी काम आटोपून, हातपाय धुऊन तो वर येई आणि ती रेकॉर्ड लावी. आधी पूर्ण गाणं ऐकायचा. मग नुसती ती अर्धी ओळ. दांडा उचलायचा, मागे न्यायचा, पुन्हा ठेवायचा. एकेका संध्याकाळी दहा-दहा वेळा. सुट्टीत बबडी आली की मात्र पेटीचं झाकण बंद असे, कारण पोर रडेल अशी त्याला भीती वाटे. तिला ऐकावंसं वाटत होतं का, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

मी झिजत होते. माझं गुळगुळीत टोक चपटं झालं, त्याला कडा आल्या. एकदा यंत्राचा पट्टा बदलायला आलेले मेकॅनिक म्हणाले, “मिस्त्री, ही सुई केव्हाच संपलीय. बदलून टाका.” मिस्त्री म्हणाला, “तिनं बसवलेली आहे. असू दे.” तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतकं प्रेम कोणत्या सुईच्या वाट्याला येतं? मी हुरळून गेले. माझी ती चूक मी आजही विसरू शकत नाही.

मग एका संध्याकाळी मी त्या अर्ध्या ओळीवरून घसरले. खाच तिथेच सगळ्यात जास्त झिजलेली होती. मिस्त्रीनं पुन्हा लावली, मी पुन्हा घसरले. तो बेचैन झाला. मग त्यानं खिशातून एक नाणं काढलं आणि दांड्यावर, माझ्या अगदी डोक्यावर ठेवलं. वजनानं मी घसरायची थांबले. पाच शब्द पुरे वाजले आणि मिस्त्रीनं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवसापासून नाणं तिथेच राहिलं. आता मी खाचेतून चालत नव्हते, खाच खरवडत होते. रोज संध्याकाळी तिचा आवाज माझ्या कडांना लागून थोडा थोडा निघून येई. पहिल्यांदा तो घोगरा झाला, मग दूर गेला, मग नुसती खरखर उरली. मिस्त्रीला मात्र कळलं नाही. त्याच्या कानात ती ओळ इतकी पक्की बसली होती की समोर काय वाजतंय याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं.

बबडी एकोणीस वर्षांची झाली. नर्सिंगच्या शिक्षणाला जायच्या आदल्या आठवड्यात ती घरी आली आणि तिनं आपणहून विषय काढला.

“बाबा, आईची ओळ लावा ना. चेहरा फोटोत दिसतो हो, पण आवाज मला आठवतच नाही.”

मिस्त्रीचा चेहरा उजळला. त्यानं रेकॉर्ड पुसली, मला जागेवर टेकवलं, नाणं नीट केलं. ती जागा आली तसं त्यानं बोट वर केलं आणि डोळे मिटले. मी खरखरले. दुसरं मी काय करणार होते?

“ऐकलंस?” त्यानं विचारलं.

बबडी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हो बाबा. ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी यंत्र साफ करून आणायच्या निमित्तानं, रेकॉर्डही बरोबर घेऊन, ती मिस्त्रीसह मेकॅनिकच्या दुकानात आली. नवी सुई घातली तर काही तरी हाती लागेल, अशी तिला आशा होती. मेकॅनिकनी मला काढलं आणि भिंगाखाली ठेवलं. बिचाऱ्यांना काय माहीत! ते सहज म्हणाले, “बघा मिस्त्री, काय अवस्था झालीय. आणि ही बघा नवी.”

मिस्त्री भिंगावर वाकला. मित्रांनो, हा माणूस रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी रंध्याचं पातं दगडावर घासायचा. लाकूड कुठे उचकटलं तर लाकडाला दोष द्यायचा नाही, आधी पातं बघायचा. त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“बोथट झालीय,” तो म्हणाला. “बोथट पात्यानं लाकूड फाटतं. आणि मी वरून दाबून धरलं.”

“अहो, पुष्कळ जण ठेवतात नाणं,” मेकॅनिक गडबडून म्हणाले.

मिस्त्री बबडीकडे वळला. “काल तू ऐकलं म्हणालीस.”

“तुम्ही किती खुशीत होता, बाबा.”

नव्या सुईनं रेकॉर्ड लावली. गायिकेचा आवाज स्वच्छ आला. ती जागा आली. तिथे पाच शब्दांइतकी खरखर होती. पुढच्या ओळीला चारही मुलींचा कोरस आला, तोही स्वच्छ.

“यातला आईचा कुठला?” बबडीनं घाईनं विचारलं.

“चौघींत आहे ती,” मिस्त्री म्हणाला. “पण वेगळी नाही गं सांगता येणार.”

मग त्यानं घसा खाकरला आणि भर दुकानात ती अर्धी ओळ म्हणायचा प्रयत्न केला. आयुष्यात तो कधी गायला नव्हता. “अशी होती... नाही, अशी नाही. थांब.” तीन वेळा त्यानं सुरुवात केली आणि तिन्ही वेळा सूर दुसरीकडेच गेला. बबडीनं त्याचा हात धरला. “राहू द्या बाबा,” ती म्हणाली आणि रडू लागली. जाताना मेकॅनिकनी मला पुढे करत विचारलं, “ही हवीय का?” मिस्त्रीनं नुसती मान हलवली, नको म्हणून.

तेव्हापासून मी या दुकानात टाकाऊ सुयांच्या पत्र्याच्या डबीत पडून आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आम्हाला जपा, टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. जे खरं जपायचं आहे ते ओळखा आणि त्यापायी माझ्यासारख्यांना वेळेवर फेकून द्या. मला कितीही वाईट वाटलं तरी फेकून द्या. मेकॅनिकनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मिस्त्रीनं मला टाकलं असतं, तर त्याच्या लेकीला आज आईचा आवाज ऐकता आला असता.

ती अर्धी ओळ जशीच्या तशी आता एका मलाच येते. तो घाबरलेला, गोड आवाज, त्यातला मधला श्वाससुद्धा. पण मी पडले सुई. मला गाता येत नाही.