कॉलिनच्या नावाचा पत्रा

मी बोलतोय तो दाभोळच्या एका घरातला, भाताच्या टोपावर ठेवायचा पत्रा. इथे माझ्या धातूला, अ‍ॅल्युमिनियमला, ‘जर्मन’ म्हणतात. काय नशीब पाहा! माझा खरा धनी त्या जर्मनांशीच लढायला घर सोडून निघाला होता.

त्याचं नाव कॉलिन. ऑस्ट्रेलियाचा पोरगा, लष्करी विमानात बिनतारी यंत्र सांभाळायचा. मी त्याच्या खुर्चीला लागून, विमानाच्या आतल्या अंगाला ठोकलेला. पुढे त्याला हिंदुस्थानात धाडलं. समुद्रावर गस्त घालताना कंटाळा आला की तो चाकूनं माझ्यावर कोरत बसायचा. आपलं नाव कोरलं, खाली गावाचं. धाकट्या बहिणीच्या, आयरीनच्या, गोष्टी सांगून त्यानं सोबत्यांना अगदी बेजार केलं होतं.

१९४४ च्या पावसाळ्यात दाभोळसमोर इंजिनानं पेट घेतला. विमान पाण्यावर आपटून फुटलं. कॉलिनचा पट्टा सुटेना. त्यानं माझ्यावर मुठी मारल्या, मग नुसता हात टेकवला. मी उखडून बाजूला पडलो आणि तो खाली गेला.

पावसाळा सरल्यावर मी बाबल्या खारव्याच्या जाळ्यात आलो. त्यानं मला कापून गोल केलं, पण अक्षरं राखली.

“हौसा, ह्यावर कायतरी कोरलंय गो. कोणाचं नाव असंल.”

“असंल तं असंल. काळं भांडं माझ्या चुलीवर नको.”

हौसा त्याची बायको, कामाला मोठी स्वच्छ. राख आणि नारळाची शेंडी घेऊन रोज मला घासायची. नारळी पौर्णिमेला तर अशी लकाकी आणायची की शेजारणी बघायला येत. तिच्यामागून सुनांनीही तोच हात चालवला. मी जिवाच्या आकांतानं ओरडायचो, त्यांना फक्त घासल्याचा आवाज ऐकू यायचा. आधी गाव गेलं, मग नाव.

यंदा हौसाच्या पणतीनं, वेदिकानं, विमानाचा पत्रा जाळ्यात आल्याची घरात ऐकलेली हकिकत लिहून माझा फोटो इंटरनेटवर टाकला. आणि तो पाहून एक दिवस व्हिडिओ कॉल आला, मोबाइलवर आयरीन दिसली! नव्वदीची म्हातारी. त्या वेळी घरी ‘बेपत्ता’ एवढीच तार आली होती म्हणे.

“तो कुठे आहे एवढं कळलं की मी मरायला मोकळी,” ती म्हणाली. “जिथे बसेल तिथे नाव कोरायची खोड होती त्याला. बघ ना पोरी, नाव आहे का?”

वेदिकानं मला उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, बोटं फिरवली.

“काहीच नाही, आजी.”

“मग दुसऱ्या कुणाचं विमान असेल.” आयरीननं चष्मा काढला. फोन बंद झाला.

त्याचंच होतं, आयरीन! त्याचंच! पण हौसाला तरी दोष कसा देऊ? तिनं मला जिवापाड जपलं. आता तो फोन पुन्हा येणार नाही.

दाभोळच्या खारव्यांनो, बंदराबाहेर जाळं तळाला अडकलं तर हिसके देऊ नका. नुकसान होईल, ठाऊक आहे मला. तरी दोर कापा आणि जाळं तिथेच राहू द्या. खाली आयरीनचा भाऊ आहे.