पाहुण्या काकू

"काकू?" मी म्हटलं. "मला काकू म्हणणार तू?"

"पाचच दिवस," लेक म्हणाली. "हळू बोल ना. पोरींना 'आई' शब्द कळतो. मी आले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तो विचारून घेतला होता."

फाटकातच सांगितलं तिनं हे, माझी बॅग खाली ठेवायच्या आत. अनाथ मुलींचं वसतिगृह ते. तिथला नियमच होता: कुणाचं माणूस आलं तर त्यानं पाहुणा म्हणून राहायचं, नातं दाखवायचं नाही. मागे एका शिक्षिकेची आई येऊन गेली. त्यानंतर दोन पोरी आपापली आई शोधायला बाहेर पडल्या, त्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सापडल्या. आता यावर काय बोलणार? मी आपलं 'बरं' म्हटलं.

आमच्या चर्चमधले आम्ही नऊ जण तिथल्या मिशनऱ्यांना भेटायला गेलो होतो. बाकीचे आठ जण मदत करायला गेले होते. मी लेकीला बघायला गेले होते, उगाच खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं ती परदेशात सेवेला. दर रविवारी फोन यायचा, 'आई, जेवलीस का' व्हायचं. पण फोनवर का कुणाला जवळ घेता येतं? आणि डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हा प्रवास शेवटचा, पुन्हा परवानगी मागायला येऊ नका.

पाळकसाहेबांनी कामं वाटली. मला धुणं. एकतीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात काढलेली बाई मी, चाळीस पोरींच्या चादरी म्हणजे माझ्या हातचा मळ. लेक मात्र दिवसभर हाताला लागायची नाही. कुणाची वेणी, कुणाचं अक्षर, कुणाचं पोट दुखतंय. जेवताना मी पाहुण्यांच्या टेबलावर. तिकडून ती यायची आणि विचारायची, "काकू, अजून वाढू का तुम्हाला?" जन्मात कधी तिनं मला अहो-जाहो केलं नव्हतं. पाळकीणबाईंना हसू आलं. मी ताट पुढे केलं.

चौथ्या दिवशी दुपारी पोरी वर्गात असताना ती अंगणात चादरी उतरवायला आली. दोन टोकं तिनं धरली, दोन मी. लहानपणी मीच शिकवलं होतं तिला: झटकायची, दुमडायची, जवळ यायचं. जवळ आलो तेव्हा मी तिचे हात धरून ठेवले. बोटांना भेगा पडल्या होत्या. कानाजवळचे केस पिकले होते. माझ्या पोरीचे पिकलेले केस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आता कुणी नाही इथं," मी म्हटलं. "एकदा आई म्हण की गं."

तिनं मान हलवली. "नको."

"एवढा कसला मेला नियम?"

"नियमाचं नाही गं." ती चादरीकडे बघत होती. "एकदा म्हटलं ना, तर उद्या तुमच्याबरोबर गाडीत बसेन मी. मग यांचं कोण करणार?"

बसली असती. मला कळत होतं ते. मी जरा लावून धरलं असतं तर पोर घरी आली असती, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. आत पोरी एका सुरात पाढे म्हणत होत्या. मी हात सोडले. "टोक नीट धर," म्हटलं, "सुरकुत्या पडतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. फोटो झाले, प्रार्थना झाली. मी गाडीत चढणार तेवढ्यात एका सहा-सात वर्षांच्या पोरीनं माझा हात धरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"विचारतेय, काकूंना मुलं आहेत का," लेक म्हणाली.

"सांग, एक मुलगी आहे. लांब असते."

तिनं सांगितलं. पोरीचा पुढचा प्रश्न तयारच होता.

"विचारतेय, मग ती तुम्हाला भेटायला का येत नाही?"

"सांग, कामात असते."

तेही तिनं सांगितलं, अगदी सरळ आवाजात. पोरीनं थोडा विचार केला आणि काहीतरी बोलली. लेक माझी बॅग गाडीत ठेवायला वळली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय, ती चांगली मुलगी नाही."

"तिला सांग," मी म्हटलं, "चांगली आहे. फार चांगली आहे."

एवढं मात्र लेकीला सांगता येईना. ती खाली वाकली आणि त्या पोरीच्या फ्रॉकचं वरचं बटण लावत बसली. ते लागलेलंच होतं.