अमीनाबीच्या नावाची प्लेट

मी सोलरची प्लेट आहे, मित्रांनो. वयाने फार जुनी नाही. पण माझ्या काचेखाली राग साठला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम अगदी सोपं आहे. उन्हाकडे तोंड ठेवायचं, बाकी वीज आपोआप होते. पण मी पडले देवेशच्या हाती. हा देवेश सोलर विकायचा, आणि तेही फक्त देवाच्या दारी. "घरमालक खोदून खोदून विचारतो," तो म्हणायचा, "जमलेली मंडळी फक्त मान हलवतात." नमुना म्हणून त्याने मला गाडीत टाकून बुलढाणा जिल्हाभर फिरवलं. देवळापुढे बल्ब पेटवून दाखवताना मी सूर्यनारायणाची सेवा असायची. विहारात तोच बल्ब ज्ञानाचा प्रकाश व्हायचा.

देऊळघाटच्या एका लहान मशिदीत त्याने नवा शब्द काढला. सदका-ए-जारिया. माणूस गेल्यावरही त्याच्या नावाने चालू राहणारं दान. ते चालू आहे तोवर त्याचं पुण्य त्या माणसाला पोचत राहतं. हा शब्द देवेशने कुठल्याशा चहाच्या टपरीवर ऐकला होता आणि लगेच खिशात टाकला होता.

समोर अब्दुल गनी बसला होता. त्याची बायको अमीना नुकतीच वारली होती. तिने जन्मभर मशिदीच्या दाराशी वाटसरूंसाठी माठ भरले. आता ते माठ पालथे पडले होते.

"माह्या अमीनाच्या नावानं बसवा," गनी म्हणाला. "बोअरचं पाणी टाकीत चढलं पाह्यजे. लोकायले नमाजाआधी हातपाय धुवाले, वजू कराले, अन् बाहीर प्यायले. तिचं पाणी बंद नाही पडलं पाह्यजे."

देवेशने नव्या प्लेटांबरोबर मलाही नवी म्हणूनच छतावर चढवलं. गाडीत धक्के खाल्लेली, कोपरा खरवडलेली मी. तेही मी गिळलं असतं. पण त्याने आम्हाला पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं, दुकानाच्या पाटीसारखं ताठ. दक्षिणेकडे जरा कललेली असते तर दिवसभर ऊन मिळालं असतं. पण दक्षिणेचं नाव तो कुठेच काढत नसे. देवळात ती यमाची दिशा, मशिदीत तिला काही भाव नाही. तो म्हणाला, "चाचा, प्लेटा किबल्याकडं केल्यात. अदब म्हणून." माणसं नमाजाला जिकडे तोंड करतात, तिकडेच आमचं तोंड. लोकांचे डोळे भरून आले.

पश्चिमेला मोठा रस्ता होता. आमच्या चौकटीलाच खाली देवेशच्या कंपनीची पाटी लागली, एसटीतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांची. अमीनाचं नाव तिच्या कोपऱ्यात, जवळ गेल्याशिवाय न दिसणारं.

सकाळभर ऊन माझ्या पाठीवर पडायचं. दुपारच्या नमाजाला लोक यायचे तेव्हा टाकी रिकामी असायची. मग एक दिवस वजूच्या नळापाशी कुणीतरी पुटपुटलं, "अमीनाबीचा नळ कोरडाच." गनीने ते ऐकलं. जिचा माठ कधी कोरडा पडला नाही, तिच्या नावाला हे चिकटलं.

शेजारच्या छतावर सोजराबाई कुरडया वाळत घालत होती. तिने हाक मारली, "गनीभाऊ, ऊन इकडं अन् तुमच्या प्लेटीचं थोबाड तिकडं. रुसली का काय ते?"

गनीने देवेशला फोन लावला. देवेश म्हणाला, "चाचा, किबल्याकडून तोंड फिरवलं तर तुमचेच लोक नाराज होतील. पाहा बुवा."

गनी घाबरला. तो इमामसाहेबांकडे गेला. ते हसले नाहीत. म्हणाले, "गनीभाई, नमाज इन्सान पढता है, काच नहीं."

गनी मिस्त्रीला घेऊन वर आला. नट घट्ट आवळलेले होते. पाना निसटून गनीची बोटं सोलली, तरी तो थांबला नाही. आम्हाला दक्षिणेकडे वळवलं, उताणं केलं. पहिल्यांदा माझ्यावर पूर्ण ऊन पडलं.

थोड्याच दिवसांनी देवेश दुसरबीडच्या एका देवळाचे विश्वस्त, चिंतामणराव, यांना मशिदीवरच्या प्लेटा दाखवायला घेऊन आला. वर पाहून त्याचा चेहरा उतरला.

"चाचा, हे काय केलं? रस्त्यावरून पाटीच दिसत नाही."

"पाटी?" गनी म्हणाला. "माही बायको मेली बे. तिच्या नावावर तू पाटी लावून राह्यला? काऊन केलं असं?"

देवेश खाली पाहू लागला. चिंतामणरावांनी शांतपणे विचारलं, "देवेश, आमच्या देवळावर प्लेटा उगवतीकडं करणार होता ना? सूर्यनारायणाला सामोऱ्या?"

"हो."

"उगवतीकडं तर आमचा रस्ता आहे."

देवेश गाडीकडे निघाला. चिंतामणराव त्याच्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. एसटीला जाण्याआधी ते बाहेरच्या नळावर पाणी प्यायले. गनी शेजारी उभा होता. नळाकडे बघत तो स्वतःशीच म्हणाला, "चालू हाये. आता चालू हाये."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर पुसा. माझ्यावर झाडाची सावली पडू देऊ नका. आणि कुणी देवाचं नाव घेऊन मला तुमच्या दारी आणलं, तर मान हलवण्याआधी त्याला एवढंच विचारा, रस्ता कोणत्या बाजूला आहे?