माळावरचा लाकडी मनोरा

घाटनांदूरजवळच्या माळावर निजामाच्या काळातला एक लाकडी मनोरा होता, रेडिओवरून संदेश धाडायला बांधलेला. यंत्रं केव्हाच गेली, तारा तुटल्या. यंदाच्या वादळात तो कलला. खाली शेरडं बसतात, माणसं थांबतात, म्हणून ग्रामपंचायतीनं तो उतरवायचं ठरवलं. काम गुफरान मिस्त्रीला मिळालं.

कमरेला दोर बांधून गुफरान सकाळी वर चढला. पहिल्याच सांध्यापाशी त्याचा हात थांबला. खिळा कुठंच नव्हता. तुळईत तुळई अशी बसवलेली की मध्ये नख शिरेना. आवळायला होते ते पितळी बोल्ट. माथ्यावर पोचला तेव्हा वारा सुटला होता. तळपायांखाली सगळा मनोरा हलकेच झुलत होता, पण एकही सांधा करकरला नाही. तो बराच वेळ तिथंच बसून राहिला.

खाली धनश्री उभी होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात ती रेडिओचं शास्त्र शिकवायची. मनोरा पाडण्याआधी फोटो काढायला आली होती.

"म्याडम, ह्यात लोखंड कावून न्हाई?" गुफराननं उतरल्या उतरल्या विचारलं.

"लोखंडानं रेडिओच्या लहरी बिघडतात. म्हणून लाकूड आणि पितळ."

"म्हंजे जे डोळ्याला दिसत न्हाई, त्याच्यासाठी एवढं जपून काम केलं त्यांनी." तो वर बघत राहिला. मग सरळ सरपंच विमलबाईंकडं गेला. "एकच पाय कुजलाय, बाई. बाकी सागवान लई टणक हाय. पाय बदलून देतो, पण पाडायला माजा हात उठत न्हाई."

विमलबाई स्वतः माळावर आल्या. तुळईवर हात फिरवला. "पावसाळ्याआधी सरळ झाला पायजे," एवढंच बोलल्या.

ट्रकचे जॅक लावून कुजका पाय मोकळा केला, नवा सागवानी बसवला. भोवती गाव जमलं होतं आणि मनोरा इंच इंच सरळ होत होता.

धनश्रीकडं हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या संचावरून दूरच्यांशी बोलायचा, परवाना होता. परवानगी काढून तिनं माथ्यावरून नवी तार सोडली आणि खाली टेबलावर आपला संच मांडला. ती हिंदीत पुन्हा पुन्हा हाक देत राहिली. नुसती खरखर. आणि मग त्या खरखरीतून एक माणूस बोलला. तो अंदमानात होता.

"तुमचा आवाज फार स्वच्छ येतोय. मनोरा कसला आहे?"

"लाकडाचा," धनश्री म्हणाली.

पलीकडून पुन्हा विचारणा झाली. "लाकडाचा?"

गुफराननं तुळईला तळहात टेकवला. समुद्रापलीकडचा माणूस आपल्या मनोऱ्याबद्दल विचारत होता.