तीन टाके, एक अंडं

मित्रांनो, मी जुना आहे असं म्हणालो तर खोटं ठरेल. मी एक विकर आहे, तुम्ही ज्याला एन्झाइम म्हणता ते, आणि माझं वय थोड्याच दिवसांचं. झिजलो की पेशी मला मोडते आणि त्याच साच्यातून दुसरा घडवते. साचा एक, काम एक, म्हणून आम्ही सगळे स्वतःला 'मी'च म्हणतो.

माझं घर रत्नमालेच्या यकृतात. तिथल्या पेशीत पातळ पडदे घडीवर घडी पडून असतात, त्यांत मी रुतून बसतो. स्निग्ध पदार्थाचा एक रेणू समोर येतो. मी त्याच्या टोकाला एक बारीक तुकडा जोडतो, मग दुसरा, मग तिसरा. तीन टाके पडले की पेशीच्या आवरणाचा माल तयार. यकृतातली चरबी रक्तात पाठवायची, तरी ती गुंडाळायला हाच माल लागतो. माझा टाका कधी चुकत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रत्नमाला लासूर स्टेशनजवळ सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बावीस वर्षांची, सातवा महिना. बाळाच्या प्रत्येक नव्या पेशीला आवरण हवं होतं. तरुण बाईच्या रक्तातलं संप्रेरक हुकूम देतं आणि आम्ही भराभर वाढतो, तसे वाढलो. पण टाक्याला दोरा लागतो, म्हणजे मी जोडतो तो बारीक तुकडा, आणि तो अन्नातूनच येतो. मिलो या परदेशी लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांतून मिळणारा दोरा दोन जिवांना पुरेना.

शेजारी खडी फोडणाऱ्या सरूबाईनं एक कोंबडी जगवली होती. ती पदराआड उकडलेलं अंडं आणायची.

"खा गं."

"तुमच्या नातवाला द्या की, मावशी."

"त्याला तोंड हाय, तो मागंल. पोटातल्याला मागता येतंय व्हय? गप गिळ!"

त्या अंड्यांतून मला दोरा मिळाला. राजकुमार जन्मला तो असा ओरडला, की कामावरच्या बाया हसायला लागल्या. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे रत्नमाला शहरात आली, कारखान्यात लागली. ज्वारीच्या वावरांवर इमारती उभ्या राहिल्या. घरात अंडी येऊ लागली, पण ती आधी राजकुमारला आणि नंतर नातीला. वय झालं तसा संप्रेरकाचा हुकूम थांबला, आम्ही थोडेच उरलो, आणि दोराही मिळेना. चरबीचे थेंब पेशीतच साचू लागले.

दोन हजार तेरा साली पुन्हा दुष्काळ. टँकरचा हंडा उचलताना रत्नमालेला धाप लागली. राजकुमारनं तिला क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली.

"यकृतावर चरबी आहे. आत्ताच सांभाळलं नाही तर यकृत कडक होत जाईल. जेवता काय?"

"चहा, भाकरी, चटणी."

"डाळ? अंडं?"

"ते नातीला लागतं."

डॉक्टरबाईंनी तळलेलं बंद केलं, चालायला सांगितलं, आणि डाळ-अंडं सुरू करायला सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी रत्नमालेनं आपलं अंडं नातीच्या ताटात सरकवलंच. राजकुमारनं ते उचलून परत तिच्या ताटात ठेवलं.

"आई, सरूमावशीनं अंडं कुणाला दिलं होतं?"

"तुला की रं."

"अन् खाल्लं कुणी?"

रत्नमाला मग हसली. "लई शहाणा झालास," म्हणाली, आणि अंडं खाल्लं.

मित्रांनो, मला दोरा मिळाला. मी लगेच कामाला लागलो. साचलेली चरबी हळूहळू निघेल, माझा मला भरवसा आहे. तुम्ही फक्त एवढं करा. घरात सगळ्यांना वाढून शेवटी कोण जेवतं ते बघा, आणि तिच्या ताटात काय उरलंय तेही बघा.